घरच्या घरी रेड लाइट थेरपी: आईच्या गुडघ्यांसाठी पॅनल घेऊ का?

मांजराकाठ, लातूर (९ नोव्हेंबर, रात्री ९:४२)

नमस्कार मंडळी. आईचं वय ६४. दोन्ही गुडघे धरलेत, डावा जास्त. एक्स-रे काढला तर गादी झिजलीय म्हणाले. डॉक्टरांचं म्हणणं, ऑपरेशनची वेळ अजून आलेली नाही, वजन कमी करा, मांडीचे व्यायाम करा, फारच दुखलं तर गोळी. आई गोळीला हात लावत नाही आणि व्यायामाचं विचारलं की "करते की" म्हणते. करत नाही.

पुण्याची धाकटी बहीण रोज एक रील धाडायलीय. लाल उजेडात डोळे मिटून बसलेली माणसं, खाली लिहिलेलं की सहा आठवड्यांत गुडघा नवा. पॅनल घेऊ, अर्धे पैसे मी देते, असा तिचा हट्ट. मी बघितलं तर दोन हजारांपासून साठ हजारांपर्यंत माल आहे. कुणी ६६० म्हणतंय, कुणी ८५०, कुणी थेट १००० वॅट. डोकं फिरलं.

घरात स्टँडवाला एक लाल बल्ब पडून आहे. वडिलांचा खांदा आखडला होता तेव्हा फिजिओवाल्यांनी शेकायला सांगितला होता. तोच चालत असेल तर हजारो रुपये कामून घालायचे? कुणी घरी वापरलंय का? सुरुवात कुठून करू?

हुरडापार्टी, बीड (९ नोव्हेंबर, रात्री ९:५१)

लातुरात राहून उजेड विकत घेणार? मे महिन्यात दुपारी दोनला माउलींना गच्चीवर बसवा. लाल, पिवळा, जांभळा सगळा फुकट.

तात्या_परभणी (९ नोव्हेंबर, रात्री १०:०३)

धाग्याचं नाव अर्धंच दिसलं, दचकून आत आलो. असो. रेड लाइट थेरपी घ्यायला आधी लाइट पायजे. आमच्याकडं संध्याकाळी सहाला गेली ती आत्ता आली.

फ्यूजतार, छ. संभाजीनगर (९ नोव्हेंबर, रात्री १०:३८)

मांजराकाठ दादा, तुमच्या बल्बचं आधी सांगतो, कारण निम्मे लोक तिथंच फसतात.

तुमचा स्टँडवाला बल्ब म्हणजे तारेचाच दिवा, फक्त काच लाल. १५० नाहीतर २५० वॅटचा असेल, बुडावर छापलेलं बघा. त्याची बहुतेक ताकद डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेत जाते, म्हणजे १००० नॅनोमीटरच्या (प्रकाशलहरीची लांबी मोजायचं माप, त्यावरून रंग ठरतो) पुढच्या भागात. त्याचं काम शेक देणं. स्नायू सैल पडतो, बरं वाटतं. रीलमधे दिसतं ते वेगळं. तिथं एलईडी असतात आणि त्यातून ठरावीक अरुंद पट्ट्याचाच प्रकाश निघतो. दिसणारा लाल ६३० ते ६६० नॅनोमीटर आणि न दिसणारा अवरक्त ८१० ते ८५०. त्यात कातडी तापवायची नसतेच. पेशींतल्या मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं, ते हा प्रकाश शोषतं आणि पेशीची ऊर्जा बनवायची गाडी जरा जोरात चालते, असा सिद्धांत आहे. सिद्धांत म्हणतोय, नीट वाचा.

म्हणजे एक शेक, दुसरी पेशीतली रासायनिक क्रिया. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. दोन्ही दिसायला लाल, एवढंच नातं.

काळी_माती, परभणी (१० नोव्हेंबर, सकाळी ६:२०)

स्टँडवाला बल्ब आमच्या ओळखीचा आहे. माझी कोंबड्यांची शेड आहे. पिलं आली की पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश ऊब लागते, नंतर दर आठवड्याला दोन-तीन अंश उतरवत जायचं. थर्मामीटरपेक्षा पिलं बघायची. दिव्याखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजतेय. भिंतीकडं पळाली, चोच उघडी ठेवून धापा टाकायली तर दिवा वर घ्या. सगळीकडं पसरून दाणा खायली की बरोबर.

माणसाला एवढी अक्कल नाही. जास्त शेक म्हणजे जास्त गुण, असं समजून दिवा जवळ ओढतंय.

शेकशेगडी, नांदेड (१० नोव्हेंबर, दुपारी २:१५)

काळी माती दादांनी मनातलं बोलून दाखवलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नांदेडला. असा बल्ब दीड-दोन फुटांवर ठेवायचा, पंधरा मिनिटं, आणि घड्याळ लावून. मागं एक आजोबा आले होते. मधुमेह पंधरा वर्षांचा, तळपायांना जाणीव नव्हती. सुनेनं दिवा लावून दिला, आजोबांना झोप लागली. पायावर रुपयाएवढे फोड, भरायला अडीच महिने गेले. त्यांना भाजल्याचं कळलंच नव्हतं. तर आईंना साखर आहे का हे आधी सांगा.

आता मूळ प्रश्न. गुडघ्याच्या झिजेवर हा उपचार अगदीच थोतांड नाही. आमच्यात याला पूर्वी लो लेव्हल लेझर म्हणत, आता फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. २००९ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मानदुखीवरच्या चाचण्यांचा आढावा आला, २०१९ मधे बीएमजे ओपन या दुसऱ्या नियतकालिकात गुडघ्यावरचा. गुडघ्याच्या आढाव्यात असं निघालं की ठरलेल्या मात्रेत दिलं तर दुखणं कमी होतं, मात्रा चुकली तर होत नाही. ही ठरलेली मात्रा म्हणजे ७८५ ते ८६० नॅनोमीटरच्या लेझरला एका ठिकाणी ४ ते ८ ज्यूल (ऊर्जेचं माप), लेझरचं टोक सांध्याच्या रेषेवर कातडीला टेकवून, असे अनेक ठिपके.

रीलवाले हा अभ्यास दाखवतात आणि विकतात हातभर लांब ठेवायचा पॅनल. दोन्हीत फरक आहे. कातडी, चरबी ओलांडून आत पोचेपर्यंत बराच प्रकाश संपतो. लाल तर काही मिलिमीटरमधेच अडतो, अवरक्त जरा खोल जातो. म्हणून गुडघ्यासाठी निस्ता लाल पॅनल घेऊ नका, अवरक्त असलेलाच घ्या, घेतलाच तर.

आणि व्यायामाला पर्याय नाही. मांडीचा पुढचा स्नायू दमदार झाला की सांध्यावरचा भार कमी होतो. दिवा ते काम करणार नाही.

मांजराकाठ (१० नोव्हेंबर, रात्री ८:३०)

आईला साखर नाही, बीपीची गोळी चालू आहे. फ्यूजतार दादा, शेकशेगडी साहेब, आभार. बल्ब पुन्हा माळ्यावर टाकला.

निशिगंध, जालना (११ नोव्हेंबर, दुपारी १२:०५)

धागा पळवतेय, माफ करा. मला चेहऱ्यासाठी मास्क घ्यायचाय, तो पांढरा भुतासारखा असतो तो. गालांवर वांग आहेत, बाळंतपणानंतर आलेले. शिवाय केसही गळायलेत. एकाच दिव्यात दोन्ही कामं होतील का?

पाटी_पेन्सिल, अंबाजोगाई (११ नोव्हेंबर, रात्री ११:१०)

मी त्वचारोगाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. नाइट संपली नाही अजून, त्यामुळं थोडक्यात.

निशिगंध ताई, वांगासाठी स्वतःहून मास्क घेऊ नका. वांग उष्णतेनं आणि उजेडानं चिडतात. विशेषतः निळ्या-जांभळ्या उजेडानं आपल्या सावळ्या कातडीवर डाग गडद होतात आणि बऱ्याच मास्कमधे लालसोबत निळे दिवेही असतात, ते मुरुमांसाठी. आधी डॉक्टरांना दाखवा. दरम्यान सनस्क्रीन आणि ओढणी.

केसांचं: आनुवंशिक टक्कल किंवा विरळपणा असेल तर लाल लेझरच्या कंगव्याला अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २००७ मधे पुरुषांसाठी, २०११ मधे बायकांसाठी परवानगी दिली. पण बाळंतपणानंतरची गळती ही वेगळी गोष्ट. ती बहुतेक वेळा आपोआप थांबते. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, ते मास्कपेक्षा स्वस्त पडतं.

आणि 'एफडीए क्लिअर्ड' असं खोक्यावर लिहिलेलं दिसलं की एफडीएनं गुण तपासून शिक्का मारला असं समजू नका. बाजारात आधी असलेल्या उपकरणासारखंच आहे आणि तेवढंच सुरक्षित आहे, एवढ्यावरही ती परवानगी मिळते.

सुगरण_सेलू (१२ नोव्हेंबर, सकाळी १०:४४)

माझ्या थोरल्याला जन्मल्यावर कावीळ झाली होती, काचेच्या पेटीत दोन दिवस दिव्याखाली ठेवलं होतं, डोळ्यांवर पट्टी बांधून. सासूबाई गावाकडं सांगत सुटल्या, नातवाला टीव्हीत ठेवलंय म्हणून. तीच का ही थेरपी?

पाटी_पेन्सिल (१२ नोव्हेंबर, दुपारी ३:२०)

टीव्ही :) नाही ताई, तो निळा उजेड, ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा. त्यानं रक्तातल्या बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि ते शरीराबाहेर पडतं. कोडाला देतात तो आणखी वेगळा, ३११ नॅनोमीटरचा अतिनील. ओपीडीत दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, घरी लाल दिवा घेतला तर कोड जाईल का. नाही जाणार. प्रत्येक रंगाचं काम वेगळं.

गोदाकाठचा_मास्तर, पैठण (१३ नोव्हेंबर, सकाळी ७:०२)

निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक आहे, राहवत नाही म्हणून लिहितो. उजेडानं रोग बरे करण्याचं नोबेल १९०३ सालीच दिलं गेलं, डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला, कातडीच्या क्षयरोगावर एकवटलेला प्रकाश वापरल्याबद्दल. पण आजच्या लाल दिव्याची गोष्ट बुडापेस्टला सुरू होते. १९६७ साली एंड्रे मेस्टर या शल्यविशारदानं उंदरांची पाठ भादरून त्यावर रुबी लेझर सोडला. लेझरनं कर्करोग होतो का हे त्याला बघायचं होतं. कर्करोग झाला नाही, उलट लेझर दिलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. पुढं नव्वदच्या दशकात नासानं अवकाशात रोपं वाढवायला लाल एलईडी वापरले आणि तेच दिवे जखमांवर चालतील का, याचे प्रयोग अमेरिकेत झाले. जाहिरातीत 'नासाचं तंत्रज्ञान' म्हणतात त्यामागं इतकंच आहे.

हुरडापार्टी यांचा विनोद अगदीच पोकळ नाही, हेही नोंदवतो. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेतला निम्म्याच्या आसपास भाग अवरक्त असतो. दुपारच्या उन्हात सोबत अतिनील आणि ऊष्माघात येतो, म्हणून ती वेळ वाईट.

हुरडापार्टी (१३ नोव्हेंबर, सकाळी ७:३०)

सर, हे परीक्षेला येणार का?

गोदाकाठचा_मास्तर (१३ नोव्हेंबर, सकाळी ७:३४)

तुम्हाला येईल.

सोनेरी_पहाट, छ. संभाजीनगर (१५ नोव्हेंबर, रात्री ९:१७)

इथं सगळे शंकासूर दिसायलेत. मी स्वतः पाच महिने वापरतोय, १००० वॅटचा मोठा पॅनल, रोज सकाळी वीस मिनिटं. झोप सुधारली, पाठीचं दुखणं निम्म्यावर आलं, चेहऱ्यावर तेज आलं. मित्र विचारतात काय खाल्लंस. अभ्यास वाचत बसण्यापेक्षा घेऊन बघा की. अनुभव हाच पुरावा.

फक्त एक. माझ्या पॅनलचे अर्धे दिवे आल्यापासूनच बंद आहेत. कंपनीला तीन मेल केले, उत्तर नाही.

फ्यूजतार (१५ नोव्हेंबर, रात्री ९:५०)

साहेब, तुमचे दिवे बहुतेक चालू असतील. ते ८५० वाले आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत, अंधारात फार तर अंगाऱ्यासारखे किंचित लाल वाटतील. मोबाइलचा सेल्फीचा कॅमेरा लावून पडद्यावर बघा, पांढरट-जांभळे पेटलेले दिसतील. टीव्हीच्या रिमोटचा दिवाही असाच दिसतो. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त अडवणारी जाळी असते, त्यात दिसत नाही. आणि दिसत नाहीत म्हणून उघड्या डोळ्यांनी जवळ जाऊन निरखू नका. न दिसणाऱ्या उजेडाला डोळा मिटत नाही, तेच जास्त धोक्याचं.

दुसरं, १००० वॅटचं. घरातलं सगळं बंद करा, फ्रीजसकट. फक्त पॅनल लावा आणि विजेच्या मीटरवरचा छोटा लाल दिवा दहा मिनिटांत किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं.

सोनेरी_पहाट (१६ नोव्हेंबर, सकाळी ११:२६)

कॅमेऱ्यात दिसले! सगळे चालू आहेत. पाच महिने उगं शिव्या घातल्या.

मीटरवर ३२०० लिहिलंय. दहा मिनिटांत ५१ वेळा लुकलुकलं. बायको विचारायली मीटरसमोर पाट टाकून काय जप करताय.

फ्यूजतार (१६ नोव्हेंबर, सकाळी ११:४०)

५१ भागिले ३२०० म्हणजे ०.०१६ युनिट, दहा मिनिटांत. तासाला ०.०९६. तुमचा पॅनल ९६ वॅटचा आहे. १००० कुठून आला सांगू? दोनशे दिवे, प्रत्येक 'पाच वॅटचा' म्हणून दोनशे गुणिले पाच. तो दिवा पाच वॅट झेपवू शकतो, तेवढे त्याला देत कुणी नाही.

तात्या_परभणी (१६ नोव्हेंबर, सकाळी ११:५२)

आमचा पुतण्या पण पाच एकराचा बागायतदार आहे म्हणून लग्नात सांगितलं होतं.

सोनेरी_पहाट (१६ नोव्हेंबर, दुपारी १२:१०)

९६ तर ९६. माझी पाठ बरी आहे, ते खोटं आहे का?

शेकशेगडी (१६ नोव्हेंबर, रात्री ८:४४)

खोटं कोण म्हणतंय. पाठ बरी आहे याचा आनंदच आहे. कशानं बरी झाली, एवढंच ठरत नाही. रोज सकाळी मोबाइल बाजूला ठेवून वीस मिनिटं ताठ बसायलात, हेही पाठीला मिळालंच की. म्हणून चाचण्यांत निम्म्या लोकांना खोटा दिवा लावतात. बंद दिव्यानंही बऱ्याच जणांचं दुखणं उतरतं. चालू दिव्यानं त्याहून किती जास्त उतरलं, तेवढीच दिव्याची कमाई.

नवा_सदस्य_२२१ (१७ नोव्हेंबर, सकाळी ९:००)

आमच्याकडे ओरिजिनल रेड लाइट मशीन होलसेल दरात. शुगर, बीपी, थायरॉइड, लकवा, मूळव्याध, कॅन्सर सर्वांवर १०० टक्के गुण. घरपोच. फोन करा.

हुरडापार्टी (१७ नोव्हेंबर, सकाळी ९:०८)

कापूस वेचणीला येतंय का मशीन? तेवढं एक राहिलंय.

पाटी_पेन्सिल (१७ नोव्हेंबर, दुपारी १:३०)

कॅन्सरचं नाव आलंय म्हणून गंभीरपणे. केमो किंवा रेडिएशन चालू असलेल्या रुग्णांचं तोंड फार वाईट येतं, पाणी गिळवत नाही. ते टाळायला तोंडात हा प्रकाश देण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे आणि या सगळ्या विषयातला सगळ्यात भक्कम पुरावा तिथंच आहे. पण ते दुष्परिणामावर, कॅन्सरवर नाही. आणि ते रुग्णालयात, मात्रा ठरवून. गाठ असलेल्या जागेवर घरी कुणीही दिवा मारू नये. गरोदर बायका, उजेडानं त्रास होणारी औषधं घेणारे, उदाहरणार्थ डॉक्सीसायक्लिन, आणि डोळ्याच्या पडद्याचा आजार असलेले, यांनी आधी विचारावं.

व्यवस्थापन (१७ नोव्हेंबर, दुपारी ४:००)

विक्रेत्याचा क्रमांक काढला आहे. प्रतिसाद ठेवला आहे, उत्तरं उपयोगी आहेत म्हणून.

सुगरण_सेलू (१८ नोव्हेंबर, सकाळी ११:१५)

मांजराकाठ भाऊ, एवढं सगळं वाचलं. राग मानू नका, एक बाईमाणूस म्हणून विचारते. तुमच्या घरी संडास कसला आहे? आई भाकरी ओट्यावर थापतात का खाली बसून? ज्वारी निवडायला, भांड्याला, देवपूजेला किती वेळा खाली बसतात आणि उठतात, कधी मोजलंय का?

माझ्या आईचे गुडघे असेच गेले. आम्ही दोघी बहिणींनी तेल, लेप, पट्टे, सगळं आणून दिलं. शेवटी भावानं कमोड बसवला तेव्हा ती म्हणाली, बाई, सकाळची धास्ती गेली. रात्री पाणी प्यायचं सोडलं होतं तिनं, उठावं लागू नये म्हणून. आम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं.

मांजराकाठ (१८ नोव्हेंबर, रात्री १०:२०)

ताई, देशी आहे. भाकरी खाली बसूनच, गॅस ओट्यावर असून सुद्धा. ओट्यावर भाकरीला वळण येत नाही म्हणते. आज मोजलं, मी घरात होतो तेवढ्यात चौदा वेळा खाली बसली. प्रत्येक वेळी भिंत धरून.

मोजल्यावर जरा गप्पच झालो.

शेकशेगडी (१९ नोव्हेंबर, सकाळी ८:०५)

सुगरण ताई, तुम्ही माझ्या क्लिनिकला या, फी अर्धी अर्धी वाटून घेऊ.

मांजराकाठ, उद्यापासून एक करा. हात न टेकता खुर्चीतून उभं राहायचं, परत बसायचं. ३० सेकंदांत किती वेळा होतं ते मोजा, वहीत लिहा. जमत नसेल तर उशी ठेवून खुर्ची उंच करा. शेजारी उभे राहा म्हणजे झालं. दुखणं शून्य ते दहात किती, तेही लिहा. मग दिवा घ्या नाहीतर नका घेऊ, फरक पडला का ते वही सांगेल.

मांजराकाठ (२८ नोव्हेंबर, रात्री ९:१५)

अपडेट. कमोड बसला. भाकरीसाठी बसायला एक उंच स्टूल आणि त्याच्या मापाचा लाकडी पाट गंजगोलाईतून आणला. बहीण ऐकेना, म्हणून छोटा पॅनलही घेतला, ६६० आणि ८५० दोन्ही असलेला, सव्वासहा हजार. सोबत काळा चष्मा आला. पावती आणि बदलून देण्याची हमी बघूनच घेतला. भारतात वैद्यकीय उपकरणांना २०१७ चे नियम लागू आहेत, असं एका जाणकारानं सांगितलं, म्हणून तसा काही उल्लेख खोक्यावर शोधला. खोक्यावर 'सौंदर्य व आरोग्यासाठी' एवढंच.

आजचा आकडा: खुर्चीतून ७ वेळा. दुखणं ६.

आता किती अंतर, किती मिनिटं?

फ्यूजतार (२८ नोव्हेंबर, रात्री १०:०२)

हिशोब सोपा आहे. एका चौरस सेंटिमीटरवर किती मिलिवॅट पडतात, गुणिले सेकंद, भागिले हजार, म्हणजे ज्यूल. तुमच्या खोक्यावर सहा इंचांवर १०० लिहिलेलं असेल. ते बहुधा सौरऊर्जा मोजायच्या स्वस्त मीटरनं मोजलेलं असतं आणि तो मीटर एलईडीवर फुगवून सांगतो. निम्मं धरा, ५०. दोन मिनिटांत ६ ज्यूल झाले. कातडी-चरबीत वाया जाणारा धरून एका बाजूला तीन-चार मिनिटं, दोन्ही गुडघे, पुढून आणि बाजूनं, मिळून पंधरा मिनिटांत आटपतं. विजेचं बिल महिन्याला पाऊण युनिट, काळजी नसावी.

साडी गुडघ्याच्या वर घ्यायची, कापडावरून बराच उजेड वाया जातो. तेल लावलेलं असेल तर पुसून घ्या.

आणि चाळीस मिनिटं बसवू नका. यात मात्रा वाढवली की गुण वाढतो असं नाही, एका मर्यादेपुढं उलटा उतरतो.

काळी_माती (२९ नोव्हेंबर, सकाळी ६:१०)

सोयाबीनला युरिया. दोन पोती जास्त टाकला तर झाड डोक्याएवढं, शेंगा बोटावर मोजण्याएवढ्या.

निशिगंध (२ डिसेंबर, दुपारी १:००)

हिमोग्लोबिन ८.९ निघालं. मास्क रद्द. पाटी पेन्सिल, देव तुझं भलं करो.

सोनेरी_पहाट (१४ डिसेंबर, रात्री ९:३३)

प्रामाणिकपणे सांगतो. दोन आठवडे पॅनल न लावता तसाच वीस मिनिटं बसलो, रोज आकडा लिहिला. पाठ तशीच बरी आहे. झोप मात्र पॅनल असताना जास्त चांगली लागायची असं वाटतं. वाटतं, एवढंच म्हणतो आता. विकणार नाही. सकाळी त्या उजेडात बसायला आवडतं मला.

मांजराकाठ (२५ जानेवारी, रात्री ८:५०)

आठ आठवडे झाले म्हणून लिहितो. वही समोर आहे. खुर्चीतून ७ चे ११ झाले. दुखणं ६ वरून ३, थंडी पडली त्या आठवड्यात ५. डिसेंबरात चार दिवस लाइटच नव्हती नीट, तेव्हा दिवा झाला नाही, व्यायाम झाला. आकडा काही घसरला नाही. वजन एक किलो कमी.

कशानं झालं म्हणाल तर मला सांगता येणार नाही. तिन्ही गोष्टी एकदम सुरू केल्या, फ्यूजतार दादा रागावतील. माझा अंदाज कमोड आणि स्टूलचा हात मोठा. पण दिव्याचं एक खरं. आई व्यायाम करायची नाही, आता दिव्यासमोर बसली की "पंधरा मिनिटं काय नुसतं बसायचं" म्हणून तिथंच पाय सरळ करून मांडी आवळते, दहापर्यंत मोजते. म्हणजे सव्वासहा हजारांत व्यायाम सुरू झाला.

आता नवीन अडचण. आईनं गल्लीत सांगितलंय की लाल दिव्यानं गुडघा बरा झाला. कमोडचं नाव काढत नाही, लाज वाटते म्हणे. रोज संध्याकाळी शेजारच्या तीन काकू साड्या वर करून रांगेत बसायलेत. मला घरात यायची चोरी झालीय. आणि चष्मा एकच आहे.

शेकशेगडी (२५ जानेवारी, रात्री ९:०४)

चष्मे आणखी तीन मागवा. आणि त्यातल्या कुणाला साखर आहे का, तेवढं आजच विचारून घ्या. माळ्यावरचा तो बल्ब त्यांच्यातल्या कुणाच्या हाती लागू देऊ नका.

काळी_माती (२६ जानेवारी, सकाळी ६:०५)

तो बल्ब कुणी परभणीकडं येत असेल तर त्याच्या हाती धाडून द्या. गुरुवारी पिलं यायलीत.